धनुष्याचे पुनरागमन : अमेरिकेतील पांढऱ्या शेपटीच्या हरिणाची पारध, आडोसा आणि कायदा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

हत्यारांचा इतिहास सर्वसाधारणपणे एकाच दिशेने वाटचाल करताना दिसतो. अधिक प्रभावी हत्यार हाती आले की जुने हत्यार मागे पडते आणि कालांतराने वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात जाऊन बसते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत धनुष्यबाणाच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा झालेला आढळतो. अठराव्या शतकात बंदुकीने हरिणाच्या पारधीतून हुसकावून लावलेले धनुष्य विसाव्या शतकात कायद्याच्या संमतीने परत आले. आज त्या देशात लाखो शिकारी शरद ऋतूत मचाणावर किंवा जमिनीवर उभारलेल्या आडोशात बसून पांढऱ्या शेपटीच्या हरिणाची वाट पाहतात.

या पुनरागमनाचे स्पष्टीकरण बहुधा निसर्गाची ओढ, प्राचीनतेचे आकर्षण अशा शब्दांत दिले जाते. ते चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. आवड असणाऱ्यांनी धनुष्य हाती घेणे वेगळे आणि शासनाने त्यासाठी स्वतंत्र हंगाम राखून ठेवणे वेगळे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, धनुष्याला कायद्यात स्थान मिळाले ते त्याच्या दुर्बलतेमुळे. हरणे दुर्मीळ झालेल्या काळात कमी प्राणी मारणारे हत्यार शासनाला सोयीचे वाटले. परंतु ज्या समाजांजवळ हे कौशल्य शतकानुशतके होते, त्यांना या पुनरागमनात बरोबरीचे स्थान मिळाले नाही. हा विषय केवळ क्रीडेच्या इतिहासाचा नाही. निसर्गसंपत्तीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे.

या अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून तो प्रामुख्याने दुय्यम साधनांवर आधारित आहे.

प्राणी, हत्यार आणि आडोसा

पांढऱ्या शेपटीचे हरीण हे आपल्याकडील सांबर व चितळ यांच्याच कुळातील आहे. नराची शिंगे भरीव असून ती दरवर्षी गळतात व पुन्हा उगवतात. धोक्याची चाहूल लागताच हे हरीण शेपटी उंच उभारून पळते, तेव्हा शेपटीखालचा पांढराशुभ्र भाग झळकतो. त्यावरूनच त्याला हे नाव पडले. त्याचे घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असते. त्याच्या दृष्टीविषयी जॉर्जिया विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात झालेल्या प्रयोगांतून असे दिसून आले की, त्याच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा रंग त्याला चांगला जाणवतो, नारिंगी व तांबडा मात्र नीट वेगळा ओळखता येत नाही. हालचाल मात्र ते तत्काळ टिपते.

अशा प्राण्याची धनुष्याने पारध करणे म्हणजे त्याच्या अगदी जवळ असणे होय. बंदुकीची गोळी शंभर-दोनशे मीटरवरून काम करते. धनुर्धारी सामान्यतः वीस-पंचवीस मीटरच्या आतच बाण सोडतो. बंदूकधाऱ्याला शेवटच्या क्षणी केवळ बोट हलवावे लागते. धनुर्धाऱ्याला हात उचलून प्रत्यंचा कानापर्यंत ओढावी लागते, आणि हीच हालचाल हरिणाच्या दृष्टीस पडण्याचा धोका असतो. बाण ध्वनीपेक्षा बराच मंद असतो. आधुनिक धनुष्यातून सेकंदाला सुमारे ९० मीटर वेगाने सुटलेला बाण पंचवीस मीटर अंतर कापण्यास पाव सेकंदाहून किंचित अधिक वेळ घेतो, तर प्रत्यंचेचा आवाज त्याच्या चौथ्या हिश्शातच हरिणाच्या कानी पोहोचतो. तेवढ्या अवधीत दचकलेले हरीण अंग खाली झुकवते आणि नेम चुकतो.

आडोशाचे महत्त्व येथे ध्यानात येते. मचाणावर बसलेल्या शिकाऱ्याचा वास काही प्रमाणात हरिणाच्या डोक्यावरून निघून जातो. जमिनीवरील आडोशात ही सोय नसल्याने वाऱ्याची दिशा पाहूनच जागा निवडावी लागते. मात्र जमिनीवरील आडोसा प्रत्यंचा ओढण्याची हालचाल झाकतो. पूर्वी दगड रचून, फांद्या खोचून किंवा पडलेल्या झाडाच्या मागे असा आडोसा करीत. अलीकडे घडीच्या काठ्यांवर ताणलेले कापडी तंबू वापरले जातात. त्यांचे आतील अस्तर काळे असते, त्यामुळे आत अंधार राहतो व लहान झरोक्यांतून बाहेरचे दिसते. आतील मनुष्यही काळे कपडे घालतो. हरणांना नव्या वस्तूची सवय व्हावी म्हणून तंबू काही दिवस आधीच उभारून ठेवतात. तात्पर्य, या पारधीत बाण सोडण्याचा क्षण अल्प आणि निश्चल प्रतीक्षेचे तास पुष्कळ असतात.

मूळ रहिवाशांची पारध

उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडील वनप्रदेशात इसवी सनाच्या पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात धनुष्यबाण सर्वत्र रूढ झाला. त्यापूर्वी भाला दूर फेकण्यासाठी विशिष्ट काठी वापरली जात असे. हरीण हे या प्रदेशातील समाजांच्या जीवनाचा आधार होते. मांस, वस्त्रांसाठी कातडे, दोऱ्यांसाठी स्नायू, हत्यारांसाठी हाडे व शिंगे असा त्याचा सर्वांगीण उपयोग होत असे.

या समाजांच्या पारधीच्या दोन पद्धती ठळकपणे दिसतात. पहिली सामुदायिक हाक्याची. फ्रेंच प्रवासी सॅम्युएल द शांप्लँ याने १६१५ च्या शरद ऋतूत वेंडाट (ह्यूरॉन) लोकांची अशी पारध पाहिली. खुंटांची दोन लांबलचक कुंपणे एका अरुंद कोंडाकडे निमुळती होत जाणारी अशी रचना करून त्यांनी हरणे त्यात हाकलली. ३८ दिवसांत १२० हरणे हाती लागल्याची नोंद त्याने केली आहे.

दुसरी पद्धत एकट्या पारध्याची, दबा धरण्याची वा सोंग घेण्याची. थिओडोर द ब्री याने १५९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका कोरीव चित्रात फ्लोरिडातील तिमुकुआ पारधी हरिणाचे अखंड कातडे पांघरून पाणवठ्याजवळच्या हरणांकडे सरकताना दिसतात. हे चित्र झाक ल म्वान या फ्रेंच चित्रकाराच्या नावावर आहे. द ब्रीच्या चित्रांतील तपशिलांच्या विश्वासार्हतेविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, हे लक्षात ठेवूनच या साधनाचा उपयोग करावा लागतो. परंतु कातडे व शिंगे धारण करून हरिणाजवळ जाण्याच्या प्रथेला अन्य वर्णनांतूनही दुजोरा मिळतो. येथे पारध्याने पांघरलेले कातडे हाच त्याचा आडोसा असे.

कातड्यांचा व्यापार आणि धनुष्याचा अस्त

युरोपीय वसाहती स्थिरावल्यानंतर हरिणाचे कातडे हे जागतिक बाजारपेठेतील विक्रेय वस्तू बनले. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन बंदरातून १६९९ ते १७१५ या काळात दरवर्षी सरासरी सुमारे ५४ हजार कातडी इंग्लंडला रवाना होत. हातमोजे, तुमानी, पुस्तकांच्या बांधण्या यांसाठी तेथे त्यांना मागणी होती. नराच्या कातड्याला ‘बक’ म्हणत आणि सरहद्दीवरील व्यवहारांत ते मूल्य मोजण्याचे एककच बनले.

या व्यापारात क्रीक, चेरोकी आदी समाज प्रमुख पुरवठादार होते. कातड्यांच्या मोबदल्यात त्यांना बंदुका, दारूगोळा, कापड, लोखंडी भांडी व मद्य मिळे. बंदुकीने अधिक हरणे मारता येत, पण त्या बंदुकीला लागणारी दारू व गोळ्या व्यापाऱ्याकडूनच घ्याव्या लागत. धनुष्य पारधी स्वतः घडवीत असे. बंदूक त्याला उधारीवर मिळे. धनुष्य मागे पडले त्याबरोबर पारध्याची आर्थिक स्वायत्तताही गेली. या उधारीची परिणती १७७३ मधील ऑगस्टा येथील तहात दिसते. व्यापाऱ्यांची कर्जे फेडण्यासाठी क्रीक व चेरोकी यांनी जॉर्जियातील वीस लाख एकरांहून अधिक भूमी सोडून दिली. हरीण संपत गेले आणि त्यापाठोपाठ जमीनही गेली.

टंचाई आणि निर्बंध

वसाहतकाळातही निर्बंधांचे प्रयत्न झाले होते. ऱ्होड आयलंडमधील पोर्ट्समथ या गावाने १६४६ मध्येच १ मे ते १ नोव्हेंबर या काळात हरीण मारण्यास मनाई केली होती. परंतु एकोणिसाव्या शतकात रेल्वे, लागोपाठ गोळ्या झाडणारी रायफल, जंगलतोड आणि शहरांतील मांसाचा बाजार यांच्यापुढे असे नियम टिकले नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपूर्ण देशात या हरिणाची संख्या तीन ते पाच लाखांवर आल्याचा अंदाज केला जातो. अनेक राज्यांतून ते जवळजवळ नाहीसे झाले.

या परिस्थितीवर संपन्न शहरी शिकाऱ्यांकडून प्रतिक्रिया उमटली. थिओडोर रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब स्थापन झाला. प्राण्याला निसटण्याची रास्त संधी मिळाली पाहिजे, ही कल्पना या वर्तुळात रुजली. आयोवाचे लोकप्रतिनिधी जॉन लेसी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९०० च्या कायद्याने अवैधरीत्या मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्यीय वाहतुकीला बंदी घातली. पोटासाठी वा विक्रीसाठी शिकार करणारा या नव्या व्यवस्थेत गुन्हेगार ठरू लागला आणि हौसेने, परवाना घेऊन शिकार करणारा ‘खिलाडू’ म्हणून प्रतिष्ठा पावला. धनुष्याच्या पुनरागमनाची वैचारिक भूमी याच विभागणीतून तयार झाली.

इशी आणि पोप : ज्ञानाचे हस्तांतर

कॉन्फेडरेट सैन्यात लढलेले मॉरिस व विल थॉम्पसन हे बंधू यादवी युद्धानंतर धनुष्याकडे वळले. मॉरिसचे १८७८ मधील पुस्तक आणि पुढील वर्षी स्थापन झालेली राष्ट्रीय धनुर्विद्या संघटना यांमुळे नेमबाजीची हौस पसरली. मात्र पारधीचे प्रत्यक्ष कौशल्य विसाव्या शतकातील शिकाऱ्यांपर्यंत पोहोचण्यात एका व्यक्तीचा वाटा विशेष महत्त्वाचा आहे.

२९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातील ओरोव्हिलजवळ एक एकाकी, उपासमारीने खंगलेला मनुष्य आढळला. तो याही जमातीचा होता. १८६० च्या दशकातील हत्याकांडांत त्याच्या जमातीचा बहुतांश भाग नष्ट झाला होता आणि उरलेली मोजकी माणसे डोंगरदऱ्यांत लपून राहिली होती. आपले नाव स्वतः उच्चारणे त्याच्या परंपरेत निषिद्ध असल्याने मानववंशशास्त्रज्ञ आल्फ्रेड क्रोबर यांनी त्याला ‘इशी’, म्हणजे त्याच्या भाषेत ‘मनुष्य’, असे संबोधले. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याच्या वास्तव्याची सोय झाली. तेथे शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांच्याशी त्याचा स्नेह जुळला.

इशीने पोप यांना जुनिपरच्या लाकडाचे, पाठीला स्नायुतंतू चिकटवलेले आखूड धनुष्य करण्यास शिकवले. मे १९१४ मध्ये क्रोबर, वॉटरमन व पोप त्याच्यासह डिअर क्रीकच्या खोऱ्यात गेले. हरिणाच्या पारधीपूर्वी इशी मासे खात नसे, तंबाखू ओढत नसे आणि पहाटे स्नान करीत असे. दबा धरताना हरिणाचे पेंढा भरलेले डोके तो आमिष म्हणून वापरी. त्याच्या प्रदेशातील हरीण काळ्या शेपटीचे, म्हणजे भिन्न जातीचे होते, परंतु वास, वारा आणि प्रतीक्षा यांविषयीचे त्याचे ज्ञान पांढऱ्या शेपटीच्या हरिणालाही तितकेच लागू पडणारे होते.

२५ मार्च १९१६ रोजी इशी क्षयाने मरण पावला. पोप यांनी १९१८ मध्ये याही धनुर्विद्येवर प्रबंध आणि १९२३ मध्ये धनुष्याच्या शिकारीवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाने एक पिढी घडवली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या धनुर्धारी शिकाऱ्यांच्या संस्थेला पोप व त्यांचे सहकारी आर्थर यंग यांचे नाव देण्यात आले. शिकवणाऱ्याचे नाव त्यात नाही. इशीच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू काढून स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवण्यात आला होता. तो २००० साली त्याच्या आप्तसमाजांकडे परत देण्यात आला. ज्ञान घेतले गेले आणि ज्ञानी मात्र संग्रहातील वस्तू होऊन राहिला, असेच या प्रकरणाबद्दल म्हणावे लागते.

विस्कॉन्सिन १९३४ : दुर्बल हत्याराला राजमान्यता

आधुनिक अमेरिकेतील केवळ धनुष्यासाठी राखलेला हरिणशिकारीचा पहिला हंगाम विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये कोलंबिया व सॉक या दोन परगण्यांत खुला केला. मंदीच्या त्या काळात हरणांची संख्या नुकतीच सावरू लागली होती. हौशी शिकाऱ्यांना रानात जाण्याची संधी द्यायची, पण हरणे फारशी मरता कामा नयेत, असा पेच प्रशासनापुढे होता. धनुष्याने तो सोडवला. त्याचा पल्ला अल्प, नेम अवघड आणि आवाज नगण्य. बंदुकीच्या काही दिवसांच्या हंगामात जेवढी हानी होई, तेवढी धनुष्याच्या लांबलचक हंगामातही होण्याची शक्यता नव्हती. इतर राज्यांनी पुढील दोन-तीन दशकांत हेच धोरण अंगीकारले.

वन्यजीव व्यवस्थापनशास्त्राचे प्रवर्तक ऑल्डो लिओपोल्ड हे स्वतः धनुष्ये घडवणारे धनुर्धारी होते. त्यांचे या विषयावरील पायाभूत पाठ्यपुस्तक १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९३५ मध्ये त्यांनी सॉक परगण्यातच एक पडीक शेत विकत घेतले. शिकारीची नैतिक किंमत हत्याराच्या सोयीनुसार घटत जाते, या विचाराचे ते पुरस्कर्ते होते.

१९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका व दारूगोळ्यावरील केंद्रीय कराचे उत्पन्न राज्यांच्या वन्यजीव संवर्धनासाठी राखून ठेवले. १९७२ मधील दुरुस्तीने धनुष्यबाणही या कराच्या कक्षेत आले. भारताने वन्यजीव संरक्षण कायदा संमत केला तेही वर्ष १९७२ हेच, आणि १९९१ च्या दुरुस्तीने येथील परवान्याची शिकारही बंद झाली. एका देशाने संवर्धनाचा खर्च शिकाऱ्याकडून वसूल केला, दुसऱ्याने शिकाऱ्यालाच रानाबाहेर ठेवले. दोन्ही मार्गांत वनावर पूर्वापार अवलंबून असलेल्या समाजांचा विचार मागाहूनच झाला, हे साम्य नोंदवण्याजोगे आहे.

चक्री धनुष्य, कापडी आडोसा आणि बदललेला अर्थ

मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर ॲलन यांना १९६९ मध्ये चक्री धनुष्याचे पेटंट मिळाले. टोकांवरील विकेंद्री चाकांमुळे प्रत्यंचा पूर्ण ओढल्यावर हातावरील भार बराच कमी होतो, त्यामुळे शिकारी नेम धरून अधिक काळ थांबू शकतो. वर्षानुवर्षांच्या सरावाची जागा काही आठवड्यांच्या सरावाने घेतली. यानंतर कापडी तंबूचा आडोसा सर्रास मिळू लागला. मचाणावर चढू न शकणारे वृद्ध, अपंग व लहान मुले यांना त्यामुळे या शिकारीत सहभागी होता आले, ही त्याची जमेची बाजू. परंतु पारध्याने रान वाचून आडोशाची जागा व रचना ठरवण्याचे जे कौशल्य होते, त्याचा काही भाग आता दुकानात विकत मिळू लागला.

येथे एक विसंगती उद्भवते. दुर्बलतेच्या आधारावर मिळालेला लांब हंगाम कायम राहिला, हत्यार मात्र दुर्बल राहिले नाही. धनुष्याने जखमी होऊन हाती न लागणाऱ्या हरणांविषयीचा वादही अद्याप मिटलेला नाही. बाण रक्तस्रावाने प्राण घेतो, त्यामुळे नेम किंचित चुकला तरी प्राणी दूरवर जाऊन तडफडतो. म्हणूनच अल्प अंतर, आडोसा आणि संयम ही शिकाऱ्याची नैतिक जबाबदारीही ठरते.

टंचाईकडून अतिरेकाकडे

दरम्यान हरणांची परिस्थिती पूर्णतः पालटली होती. लांडगे व कूगर नाहीसे झाल्याने, माद्यांच्या शिकारीवरील बंदीने आणि शेतीलगतच्या झुडपी रानांमुळे संख्या झपाट्याने वाढली. विस्कॉन्सिनमध्ये १९४३ साली लिओपोल्ड यांनी शिंगे नसलेली हरणेही मारू देण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना तीव्र लोकक्षोभाला तोंड द्यावे लागले. हरीण वाचवायला शिकलेल्या समाजाला ते आवरायला शिकणे जड गेले. आज देशातील पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या सुमारे तीन कोटी असावी असा अंदाज आहे. पिकांची नासधूस, रस्त्यांवरील अपघात आणि जंगलातील रोपांचा फडशा या तक्रारी सार्वत्रिक आहेत. २००२ मध्ये विस्कॉन्सिनमधील हरणांत मेंदू पोखरणारा, झिजवून मारणारा असाध्य रोग आढळला. कळपांची दाटी कमी करणे हे तेव्हापासून शासनाचे उघड धोरण बनले. ज्या हत्याराला ‘कमी मारते’ म्हणून मान्यता मिळाली, त्याच्याकडून आता ‘अधिक मारावे’ अशी अपेक्षा होऊ लागली. गोळीबार करता येत नाही अशा उपनगरांत तर धनुर्धाऱ्यालाच पाचारण केले जाते.

याच राज्यात हक्कांचा प्रश्नही ऐरणीवर आला. ओजिब्वे समाजाने १८३७ व १८४२ च्या तहांत भूमी देताना त्या भूमीवरील शिकार व मासेमारीचे हक्क राखून ठेवले होते. तरीही राखीव क्षेत्राबाहेर शिकार करणाऱ्या त्यांच्या माणसांवर राज्याच्या नियमांखाली दीर्घकाळ खटले भरले जात. १९८३ मध्ये संघीय अपील न्यायालयाने व्हॉइट खटल्यात हे हक्क अबाधित असल्याचा निर्णय दिला. हौशी धनुर्धाऱ्यासाठी १९३४ मध्ये खास हंगाम देणाऱ्या राज्यात मूळ पारध्याला आपला लेखी हक्क सिद्ध करण्यासाठी आणखी सुमारे अर्धशतक लागले.

निष्कर्ष

१) अमेरिकेत धनुष्याचा अस्त केवळ तांत्रिक कारणांनी झाला नाही. कातड्यांचा व्यापार, उधारी आणि भूमिहरण यांच्याशी तो निगडित होता.

२) विसाव्या शतकात धनुष्याला मिळालेली कायदेशीर मान्यता ही टंचाईच्या काळातील प्रशासकीय गरजेतून आली. हत्याराची मर्यादा हाच त्याचा गुण ठरला.

३) चक्री धनुष्य व तयार आडोसा यांनी ती मर्यादा शिथिल केली आणि हरणांच्या अतिरेकाने तिचे प्रयोजनच बदलले. धनुष्याच्या हंगामाचे मूळ समर्थन त्यामुळे नव्याने तपासणे आवश्यक आहे.

४) दबा, वारा, वास आणि सोंग यांविषयीचे ज्ञान मूळ रहिवाशांकडून आले. त्याचे श्रेय व त्यासोबतचे हक्क मात्र त्यांना फार उशिरा आणि न्यायालयाच्या दारातून मिळाले.

आडोशात बसलेल्या मनुष्याला झरोक्यातून रानाचा एक लहानसा तुकडाच दिसतो. संवर्धनाचा इतिहासही बराच काळ परवानाधारक शिकाऱ्याच्या अशाच झरोक्यातून लिहिला गेला. वेंडाट, क्रीक, याही आणि ओजिब्वे यांच्या पारधीची नोंद त्यात मध्यवर्ती ठेवल्यास धनुष्याच्या पुनरागमनाची कथा अधिक पूर्ण आणि अधिक न्याय्य होईल.